अव्वाचं मीठ

शनिवार, १९ एप्रिल

आज अव्वानं पूजेआधी उपीट खाल्लं! पन्नास वर्षं इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी माझी सासू. मी म्हटलं, अव्वा, पूजा? तर माझ्याकडे बघत राहिली आणि ताटली पुढं केली – अजून वाढ म्हणून. विरेश म्हणाला, वय झालं, चालायचंच. माझ्या नवऱ्याला सगळंच चालायचं असतं.

ऊन त्रेचाळीसवर गेलंय. तिचं पाणी मी स्वतः बघते, दिवसाला तीन लिटर. मार्चमध्ये बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले. मी कमी कशाला, बंदच केलं. तिची आमटी वेगळी, भाजी वेगळी, ताकसुद्धा बिनमिठाचं. घरात जीवशास्त्राची मास्तरीण असल्यावर एवढं तर व्हायलाच हवं.

मंगळवार, २२ एप्रिल

सुट्टीतले ज्यादा तास सुरू. आज पाणी आणि क्षार घेतले. पाण्यात सगळं विरघळतं म्हणून जीव चालतो, आणि सोडियम-पोटॅशियम आत-बाहेर ये-जा करतात म्हणून मज्जातंतूंचे निरोप पोचतात. पोरं पेंगत होती, तरी मी रंगात आले होते!

घरी आले तर मीनाबाई, आमच्या कामाच्या बाई, दारातच. "ताई, आजी सकाळधरनं कन्नडच बोलायल्यात. मला काय कळंना." अव्वाला दोन्ही भाषा येतात, पण मीनाबाईंशी ती नेहमी मराठीच बोलते. आज तिला मराठी सापडतच नव्हती.

गुरुवार, २४ एप्रिल

गळ्यातलं लिंग हातात घेऊन तिनं मला विचारलं, "इदेनु?"

हे काय आहे, म्हणून.

न्हाणीत जाऊन रडले.

अक्कलकोटहून नणंदेचा फोन. धनलक्ष्मी म्हणाली, म्हातारपणी डोकं जातंच, आता कॉलेज पुरे करा वैनी, घरी बसा. तिचा राग आला. पण रात्रभर मीही तेच घोकत होते – विसरत जाणार, आम्हाला ओळखेनाशी होणार. पाणी मात्र आठवणीनं पाजलं! रागावून पाजलं.

शुक्रवार, २५ एप्रिल

सकाळी धड जागीच होईना. उचलून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. सोडियम ११२. असायला हवं निदान १३५.

डॉक्टर तरुण, शांत. ही गोळी कधीपासून? पाणी किती? मग म्हणाले, "मीठ बंद कुणी केलं?"

मी खाली बघितलं.

एकोणीस वर्षं मी वर्गात मनुका पाण्यात टाकून दाखवते. बाहेर क्षार कमी झाले की पाणी आत शिरतं, मनुका टम्म फुगते. पोरं हसतात. आणि माझ्याच घरात, माझ्याच हातानं, अव्वाच्या मेंदूतल्या पेशी तशा फुगत होत्या. गोळी मीठ बाहेर काढत होती, उरलेलं मी पाण्यानं पातळ करत होते. कवटी तर सैल होत नाही!

पण – आणि हे लिहायची लाज वाटते – पहिल्यांदा मला हायसंच वाटलं. डोकं गेलं नव्हतं. नुसतं मीठ गेलं होतं. मीठ परत देता येतं.

शनिवार, २६ एप्रिल

११९. सलाइन थेंब-थेंब. मी म्हटलं, जरा भरभर सोडा की. डॉक्टर म्हणाले, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होईल, दिवसाला सात-आठच वाढवायचं. मी मलाच म्हटलं, शहाणपणा पुरे, सिद्धेश्वरी. गप्प बस.

पाणी आता दिवसाला एकच लिटर. पेला मी मोजते आणि तिच्यापासून लांब ठेवते. परवापर्यंत हाच पेला तिच्या तोंडाला लावत होते.

रविवार, २७ एप्रिल

१२५! डोळे उघडले, छताकडे बघून मराठीत म्हणाली, "हितला पंखा लई कुरकुरतोय."

विरेश जिन्यात जाऊन रडला. मी बिस्किटाचा अख्खा पुडा खाल्ला.

दुपारी धनलक्ष्मी आली. मी बाहेरच्या बाकावर बसले, ती तासभर आत आईजवळ. आता मीठ कुणी तोडलं हे निघणार, मग पावण्यारावळ्यांत वर्षभर पुरेल. निघू दे. खरंच तर आहे. बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता एसटी गाठायला गेली. म्हणजे कळलं असणार.

बुधवार, ३० एप्रिल

काल १३४. संध्याकाळी घरी! गोळी बदलली. मीठ थोडं, पण रोज.

आज बसव जयंती. पहाटे उठून अव्वानं तळहातावर लिंग घेतलं, डोळे मिटले. मी दारात उभी. मीनाबाई भांडी तशीच टाकून माझ्याशेजारी. मग अव्वानं डोळे उघडून विचारलं, काय तमाशा लागलाय का हितं? कामाला लागा. इतकं बरं वाटलं की काय सांगू. आमटी चाखली, खारट झाली होती, तरी दोन वाट्या प्याले.

रविवार, ४ मे

धनलक्ष्मीचा फोन. मी तयारीतच होते. ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही.

"वैनी, तुमी तरी अडवायचं की तिला! सिद्धरामेश्वराला नवस म्हणून कुणी महिना-दीड महिना मीठ सोडतं व्हय? तुमाला न सांगता धरला म्हणे. दवाखान्यात माज्याजवळ कबूल केलं तिनं."

नवस? अव्वानं कसलाही नवस केला नव्हता.

मी वळून बघितलं. धनलक्ष्मीचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो. अव्वा समोर बसून ताकात मीठ ढवळत होती. मान वर न करता हळूच म्हणाली, "व्हय म्हन की."