चुकीच्या चौकटीतले काका

तीर्थरूप काका,

तुमच्या चिंगीचा वाकून नमस्कार (दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरते, म्हणून जमेल तितकं वाकून). तब्येत कशी आहे असं विचारायची पद्धत आहे, पण ती मला ठाऊक आहे. गुडघा नुसता वाजत असेल आणि दुखत नसेल तर घाबरू नका. मोजे उभ्याने घालायचं वय गेलं, आता बसून घालत जा. शेजारचं मांजर तुमच्याच दारात बसतं, कारण काकू त्याला गुपचूप दूध घालतात. यातलं अक्षरही तुम्ही मला कधी बोलला नाहीत, मग पोरीला कळलं कसं, असा प्रश्न पडला असेल तर मेहरबानी करा आणि तो मोबाईलमध्ये टाइप करू नका. आधी पुढचं वाचा.

झालं असं, की ऑफिसात मी एक अवजार तयार केलं आहे. दिसायला अगदी दळभद्री, ना चित्र ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, तिच्यापुढे कोणाच्या तरी खात्याचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. त्या माणसाने सोशल मीडियावर साऱ्या जगासाठी म्हणून जे जे लिहिलं असेल, ते तारखेवार एका फाइलीत येऊन पडतं. खासगी गोष्टींना ते हात लावत नाही, कोणाचं कुलूप तोडत नाही (आईला अजून वाटतं की मी कुठल्यातरी टोळीत सामील झाले आहे). आपल्या मालाबद्दल लोक काय बोलतात हे कंपन्यांना हवं असतं, ते आम्ही असं गोळा करून देतो.

गेल्या महिन्यात गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं हे अवजार बघायला आली. नमुन्यादाखल एखादं भरपूर लिहिणारं, निरुपद्रवी खातं हवं होतं, आणि मला तुम्ही आठवलात. वाटलं, फुलांचे फोटो आणि सुप्रभात निघतील, कोणाचं काय बिघडणार? मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर ऐटीत एंटर दाबलं. पहिली ओळ आली, ‘गुडघा का वाजतो’. दुसरी आली, ‘गुडघा का वाजतो कृपया’. मग मोजे, मग मांजर, मग ‘बायकोने केस कापल्याचं लक्षात आलं नाही तर आता काय करावं’. ‘मऊ गादीवरून स्वतःचं स्वतः उठण्याची रीत’ आली, तेव्हा गादीवाले खुर्चीत पुढे सरकले आणि वह्या काढून उतरवून घेऊ लागले. आमच्या साहेबांनी मला हळूच विचारलं, की हे कोण कवी आहेत.

तर काका, घोळ असा आहे. त्या ॲपमध्ये वर एक बारीकशी चौकट असते, ती काही शोधायचं असेल तर. तिच्याखाली एक ऐसपैस चौकट असते, ती चारचौघांना काही सांगायचं असेल तर. तुम्ही ऐसपैस ती आपली असं धरून सगळे प्रश्न तिच्यात विचारत आलात, आणि उत्तर येत नाही म्हणून ‘कृपया’ लावून पुन्हा विचारत आलात. उत्तरं येत होती हो, पण ती खाली येतात आणि तुम्ही खाली कधी बघितलंच नाही. केसांच्या प्रश्नाखाली तुमच्या न्हाव्याने सविस्तर सल्ला दिला आहे, आणि त्या सल्ल्याला काकूंनी पसंतीचा अंगठा दिला आहे. म्हणजे काकू सगळं वाचतात. त्यांनी तुम्हाला का सांगितलं नाही ते मी विचारायला गेले नाही. त्यांच्या जागी मीही सांगितलं नसतं.

इथवर मी ओठ चावून हसू दाबत होते. मग ती ओळ आली, ‘मोठ्या भावाचं ड्रिल मशीन फार दिवसांनी परत करताना काय बोलावं’. तिच्याखाली पुन्हा तीच, कृपयासकट. मग अधूनमधून पुन्हापुन्हा तीच. काका, मला गादीवाल्यांसमोर रडू आलं आणि मी पडदा बंद केला. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल, की आरसा लावायला तुम्ही ते मशीन नेलंत, बाबांनी पाहुण्यांदेखत आरसा तिरका आहे म्हटलं, तुम्ही मशीनच तिरकं आहे म्हटलंत, आणि तेवढ्यावर दोन सख्खे भाऊ बोलायचे थांबले (आरसा तिरका आहे. मशीनही थोडं तिरकं आहे).

त्या दिवशी जेवताना मी दोन्ही चौकटींचा घोळ घरी नीट समजावून सांगितला आणि सगळे प्रश्न वाचून दाखवले. आईची हसून हसून पुरेवाट झाली. बाबा ताटात बघत बसले. मशीनची ओळ ऐकल्यावर उठले, हात धुऊन आले, आणि मग त्यांना आठवलं की जेवण अजून व्हायचं आहे. तेव्हापासून रोज सकाळी ते मला, तुझा तो काळा पडदा चालू आहे का, असं सहज विचारल्यासारखं विचारतात. काल म्हणाले, “त्याच्या गुडघ्याचं पुढे काय झालं?” नाव घेतलं नाही, पण आमच्या ओळखीत दुसऱ्या कोणाचा गुडघा एवढा गाजलेला नाही.

बाकी सगळं ठीक. काकूंना नमस्कार, मांजराला विचारलं म्हणून सांगा.

तुमचीच,
चिंगी

ता. क. हे वाचून तुम्ही लगेच बारीक चौकटीकडे वळाल. कृपा करून इतक्यात वळू नका. तुम्ही गप्प झालात तर बाबांना तुमची खबर लागायचा तेवढाच रस्ता बंद होईल. (गादीवालेही तुमची आठवण काढतात.)

आणखी एक ता. क. वरचं सगळं सोडा. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात कळलं, की बाबांनी गुपचूप खातं काढलं आहे. आज सकाळी त्यात त्यांचा पहिला प्रश्न आला, ‘धाकटा भाऊ मशीन घेऊन दारात आला तर आधी मशीन घ्यावं की आधी चहा विचारावा’. अर्थात ऐसपैस चौकटीत. चुकून झालं म्हणतात. पण बाबांना एकदा सांगितलेलं ते कधी विसरत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तिथे नुसतं लिहिता, वाचत नाही, म्हणून कागदावर कळवते आहे. अख्ख्या गल्लीने त्यांना उत्तरं दिली आहेत. मी दिलेलं नाही. ते तुम्ही द्या, पण टाइप करून नको, येऊन.