कागद न घालता केलेलं म्यान

आबा, लिहिण्यात चुका होतील, माफ करा. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. टायपिंग क्लासच्या मशीनवर एकेक अक्षर हुडकते, बोट भलतीकडेच पडतं, म्हणून हळूहळू चाललंय.

पिंप्राळ्याच्या घरात तुम्ही स्टोव्हपुढे उकिडवे बसलेले दिसता. म्यानासाठी शेतातल्या प्लास्टिकच्या पाईपलाईनचा तुकडा चिरून जाळावर मऊ करायचा. केळी कापायच्या कोयत्याला तेलकट पेपरच्या घड्या गुंडाळायच्या, मुठीजवळ पातं निमुळतं होतं तिथं जास्त. मग मऊ पाईप त्यावर दाबून, दोन फळ्यांत घालून, वर उभं राहायचं. गार झाल्यावर कागद काढला की तेवढी जागा सुटते, पातं अडकत नाही. एकदा मी कोयता पाईपात घालून सगळंच जाळावर धरलं. पातं निळं पडलं. तुम्ही फळीनंच हाणलं, ओठ फाटला. "पाणी उतरवलं त्याचं! पाईप तापव, पातं नाही!" मी रक्त थुंकत होते अन् तुम्ही पात्याला फुंकर घालत होता. तुमचा कोयता म्यानातून एका झटक्यात निघतो, याची तुम्हाला केवढी घमेंड. भुसावळला केळीच्या गाडीपाशी मुकादमाशी जुंपली तेव्हाही झटक्यात निघाला. त्यानं तो हिसकला अन् तुमच्याच मानेत घातला.

दादा आता तुमच्याएवढा झालाय. मुकादम जेलातून सुटला हे कळल्यापासून जेवत नव्हता. परवा त्यानं कोयता माझ्यापुढं टाकला. "म्यान कर. लगेच पाहिजे." कशाला, ते दिसतच होतं. नको जाऊ म्हणायला माझं तोंड उघडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी पाईप तापवला, पात्याला आच लागू दिली नाही. फक्त कागद घातला नाही. मऊ पाईप उघड्या पात्यावर दाबला, निमुळत्या जागी फडक्यानं गच्च चेपला, फळीवर उभी राहिले, वरून गार पाणी ओतलं. दादानं ओलंच कमरेला खोचलं अन् गेला.

रिक्षावाल्यानं त्याला दारात आणून टाकलं, त्यानंच सांगितलं. दादा मूठ ओढतोय, ओढतोय, निघेना. मुकादमाची माणसं हसत होती. "काढ ना भो! तुझ्या बापाचा तर लवकर निघायचा!" मग लाथा, दगड, लोखंडी टॉमी. दोन दात गेले, बरगडी मोडली. रक्ताच्या तोंडानं दादा मला म्हणे, "कागद घातला नही का व?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं म्यानासकट कोयता माझ्या खांद्यात घातला. हात अजून वर जात नाही. काल मात्र वरण-भात मागितला त्यानं, दोनदा.

आबा, तुम्ही जिवंत असता तर तुमच्या भीतीनं मी कागद घातलाच असता. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, म्हणून घडी करून ठेवते.

शेजारच्या अक्काची म्हैस व्याली सकाळी. रेडी झाली.