पत्त्यावर हजर

२८ ऑक्टोबर, शनिवार

तारीख ठरली. सोळा नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी. डॉक्टरांनी मोबाइल काढला, आईनं चष्मा लावला, आणि दात काढायची वेळ ठरवावी तशी दोघांनी ठरवली. मी कॉफी ओतत होते. सांडली नाही याचंच नवल.

सह्या झाल्या, दुसऱ्या डॉक्टरचं मतही झालं. बेल्जियमच्या कायद्यात इच्छामरण बसतं, सगळं चोख. पोटातला गोळा आता औषधाला दाद देत नाही, आणि आई कुणाच्या दयेवर पडून राहणारी बाई नाही. मला पटतं. पटतं आणि सहन होत नाही!

डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "लीव्ह, त्याआधी माझं एक काम कर. बाबा कधी मेले ते शोध."

मी म्हटलं, "कधी? कुठे नाही?"

"कुठे मेले ते त्यांचं त्यांना. मला कधी ते पाहिजे. आणि खरं सांग, हं. म्हातारीला गप्प करायला काहीतरी ठोकून देऊ नकोस."

आईचे हे बाबा म्हणजे माझे आजोबा, ओडील. मी फोटोत पाहिलेत, मिशा आणि टोपी, बाकी काही नाही. अडतीस सालच्या सप्टेंबरात अर्ध्या गावाबरोबर फ्रान्सला बीट उपटायला गेले. बाकीचे परत आले. हे मागे राहिले, साखर कारखान्यात मजुरी जास्त म्हणून. पुढे पत्ता नाही. आजी झुल्मा मरेपर्यंत एकच पालुपद लावायची: गेला एका फ्रेंच बाईच्या मागे.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस, मेलेल्यांना फुलं न्यायचा. दफनभूमीत आज सगळं गाव. शेवंतीच्या कुंड्या घेऊन आम्हीही गेलो. आजीच्या दगडावर तिचं एकटीचं नाव. दर वर्षी बघते, आज टोचलं.

योरिसला सांगितलं आई काय मागते ते. माझा भाऊ, बोलायला अगदी गोड! "आयुष्यभर कागदांत तोंड घालून बसलीस. आता शेवटचे दिवस तरी तिच्याजवळ बस."

त्याचं चूक नाही. म्हणूनच राग आला.

३ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं!

नगरपालिकेत मी तीस वर्षं खिडकीत बसले, म्हणून तळघरापर्यंत सोडलं. रहिवासाची जुनी वही. आपल्या देशात माणूस हरवत नाही हे मी तिथे बसून लोकांना सांगायचे. घर बदला, गावचा पोलीस दारात येऊन बघून जातो, तेव्हाच नोंद होते. आणि ओडीलच्या नावापुढे लिहिलंय: डिसेंबर १९३८, पोलिसाने घरी जाऊन पडताळले, पत्त्यावर हजर. नंतर मे १९४० मध्ये, युद्धाच्या पळापळीत बेपत्ता.

म्हणजे ते परत आले होते! फ्रेंच बाई वगैरे सगळी आजीची भाकडकथा. दीड वर्ष घरात होते, आणि गेले ते इतर हजारो माणसं गेली तसे. उद्या सकाळीच आईला सांगते.

४ नोव्हेंबर

सकाळीच आईपाशी बसले.

मी वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल, हसेल. आई म्हणाली, "ती मी होते."

"काय तू होतीस?"

"हजर."

संत निकोलासची रात्र होती म्हणे, डिसेंबरच्या सुरुवातीची. आई सहा वर्षांची. पोरं चुलीपाशी बूट ठेवतात, संत रात्री येऊन त्यात खाऊ घालतो, तर हिनं बाबांचे जुने लाकडी बूट ठेवलेले. "माझे केवढेसे. मोठ्यात जास्त खाऊ मावेल, असा हिशोब." तेवढ्यात फाटकाशी पोलीस. आजीनं ते बूट हिच्या हातात कोंबले. वर जा, घाल, आणि चालत राहा. थांबलीस तर बघ.

खाली पोलीस विचारतोय, ओडील आहे का घरी? आजी म्हणतेय, वर आहे, ताप आहे त्याला, ऐका की. आणि वर ही. ठक्, ठक्.

घर वीटभट्टीवाल्याचं होतं. भट्टीवर पुरुष असेल तर घर, नाहीतर भर हिवाळ्यात बाहेर. आजीला वाटलं असणार, कुणीतरी चुगली केली. पोलीस जिना चढला नाही. भला माणूस होता, किंवा आळशी.

"सकाळी चुलीपाशी काही नव्हतं," आई म्हणाली. "मला वाटलं, बूट हलवले म्हणून."

ताकाची पेज केली होती, वर काळी साखर, तिला आवडते तशी. तिनं चमचा बाजूला ठेवला. "गावचं माणूस हरवलं की शोध घेतात, लीव्ह. आमचा हरवलाच नव्हता. मी चालत होते ना. ते तेव्हा कुठे पडलेले असतील, कुणाची वाट बघत असतील, तर? आधीच मेले असतील तर माझी सुटका. नंतर मेले असतील—"



एवढ्यासाठी तिला 'कधी' पाहिजे होतं.

आणि मी! वही दाखवायला नाचत गेले.

६ नोव्हेंबर

फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या त्या साखर कारखान्याच्या गावी फोन. कारखाना पाडून तिथे दुकानं झालीत. नगरपालिकेतल्या मादाम देलात्र म्हणाल्या, मृत्यूच्या नोंदी बघते. आवाज माझ्यासारखाच, खिडकीतल्या बाईचा.

८ नोव्हेंबर

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. ओडील नावाचा कुणी नाही. आसपासच्या गावांतही नाही.

११ नोव्हेंबर

लष्करी दफनभूमी, निराधारगृह, चर्चची पुस्तकं, तुरुंगसुद्धा. जिथे माणसाला नाव लागतं तिथे तिथे विचारलं. कुठेही नाही. मादाम देलात्र म्हणाल्या, माळ्यावर इस्पितळाची जुनी खोकी आहेत, वेळ लागेल. वेळ! त्यांना काय माहीत.

आई रोज विचारत नाही. मी खोलीत शिरले की फक्त बघते. हे विचारण्यापेक्षा वाईट.

योरिसला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सांगून टाक काहीतरी."

"तिनं बजावलंय."

"बजावू दे. दिवस किती राहिलेत?"

काल तारीख पुढे ढकलायचं मी सुचवलं तर आई म्हणाली, दुखतंय गं. एवढंच. तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

१४ नोव्हेंबर

केलं.

खुर्ची पलंगाजवळ ओढली. म्हटलं, "आई, कागद आला." चष्मा लावला तरी तिला आता अक्षर लागत नाही. "वाच," म्हणाली.

हातात विजेचं बिल होतं. त्यावर बघत वाचलं. तीस वर्षं असले दाखले लिहिले, भाषा तोंडपाठ आहे. ओडील, धंदा मजुरी, बेल्जियन प्रजाजन, फुप्फुसाच्या तापाने, दिनांक नऊ ऑक्टोबर एकोणीसशे अडतीस. इस्पितळातल्या नन जवळ होत्या, हेही घातलं. असं दाखल्यात कधी लिहीत नाहीत. तिला कुठे माहीत!

"ऑक्टोबर," आई म्हणाली. "म्हणजे संत निकोलासला..."

"नव्हतेच ते, आई. दोन महिने आधीच गेले होते. तू चाललीस, न चाललीस, काही फरक नाही."

तिनं माझा हात धरला, खूप वेळ. मग भूक लागली म्हणाली. अख्खी वाटीभर पेज खाल्ली, वर आणखी साखर मागितली. योरिसला फोन लावायला लावला आणि त्याला म्हणाली, "तुझी बहीण हुशार आहे, तू उगाच तिला बोलतोस."

मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. खोटं इतकं सोपं वाचता येतं हे मला माहीत नव्हतं.

१६ नोव्हेंबर

शांतपणे गेली. डॉक्टरांचे आभार मानले, योरिसला केस कापायला सांगितलं. हसरी होती. खरंच हसरी होती.

२१ नोव्हेंबर

माती झाली. नंतर कॉफी आणि पाव, लोक बोलत होते, मी ऐकत नव्हते. योरिस म्हणाला, बरं केलंस. मीही तेच म्हणते. रोज सकाळी उठून म्हणते. खोली आवरायला घेतली आणि अर्ध्यात सोडली.

१२ डिसेंबर

मादाम देलात्रचा फोन. मी त्यांना नको म्हणून कळवायलाच विसरले होते. खोक्यात पत्रव्यवहार मिळाला. कारखान्यातल्या अपघातात डोक्याला मार लागून एक मजूर इस्पितळात होता, वाचा गेलेली. सोबतचे मजूर म्हणाले, याचं नाव ओडील आणि गाव अमुक. इस्पितळानं अडतीसच्या नोव्हेंबरअखेर आमच्या गावाला लिहिलं, घरच्यांना कळवा. डिसेंबरात गावाचं उत्तर गेलं: चौकशी केली, सदर इसम आपल्या घरी आहे, तुमचा रोगी दुसरा कुणी असावा. म्हणून मग त्यांनी नाव खोडून 'अनोळखी बेल्जियन' लिहिलं.

मी विचारलं, कधी गेला तो?

"एप्रिलमध्ये," त्या म्हणाल्या.