पाणचक्कीच्या पुढं

प्रिय आई,

आपल्याकडं आलेला प्रत्येक पाहुणा शहर पाहून परतला की जेवताना तुला सांगायचा, काय काय पाहिलं. तू वाढता वाढता विचारायचीस. काल मीही पाहून आले. घरी पोचलो तर विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून आज सकाळी ओट्याशी स्टूल ओढून हे लिहायला बसले आहे. अण्णा पुढच्या खोलीत आहेत. पाऊस कालसारखाच, बारीक आणि न थांबणारा.

मी शहर पाहायला आले नव्हते, हे आधी सांगते. मी अण्णांना न्यायला आले होते.

तू गेलीस तेव्हाच मी म्हणाले होते, चला माझ्याकडं नाशिकला. ते म्हणाले, वर्षश्राद्धापर्यंत घर उघडं राहू दे. मी नाशिकला परतले. मग गेल्या आठवड्यात शेजारच्या शालिनीकाकूंचा फोन आला. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, बटण तसंच चालू, आणि अण्णा पुढं पेपर वाचत बसलेले. वास काकूंच्या घरात गेला, अण्णांना आला नाही. “सुमन, मी कुठवर नाक लावून बसू गं?” काकू म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

तुझ्या जावयांनी मागची खोली रिकामी केली. स्वतः रंग दिला. मी परवा इथं आले आणि चहा होताच विषय काढला.

अण्णांनी बशी खाली ठेवली. “तू औरंगाबाद पाह्यलंस का?”

“अण्णा, मी काय विचारतेय?”

“मी बी विचारतोच आहे. पाह्यलंस का?”

नव्हतं पाहिलं. माझं लग्न गावच्या, पिशोरच्या घरातून झालं. इथं शहरात, पुंडलिकनगरात, तुम्ही नंतर आलात. मी इथं यायचे ती नेहमी पाहुण्यांसोबत. कधी नवरा, कधी सासूसासरे, पुढं मुलं. अण्णा त्या सगळ्यांना घेऊन निघायचे आणि तू दारात उभी राहून म्हणायचीस, “तुम्ही जाऊन या. मी करून ठेवते.” मी तुझ्या हाताखाली थांबायचे. दार लोटून घेतलं की आपण दोघी पुरण वाटायला बसायचो. मला ते हवं असायचं. शहर काय, कधीही दिसलं असतं. पण तुला काय हवं होतं? ते मी कधी विचारलं?

आणि तू तरी का म्हणाली नाहीस, मीही येते? एवढं सोपं वाक्य!

“आधी बघ. मग बोलू,” अण्णा म्हणाले. मला वाटलं, टाळतायत.

काल सकाळी निघालो तर कुलूप सापडेना. तुला हसू येईल. ह्या घराला दिवसा कुलूप कधी लागलंच नव्हतं, कारण आत तू असायचीस. तू गेल्यापासूनही अण्णा नुसती कडी घालून कोपऱ्यापर्यंत जातात. त्यांनी ड्रॉवर उपसले, मी फळीवरचे डबे. “तुझ्या आईला म्हाईत असंल,” असं म्हणून ते शोधतच राहिले. शेवटी ट्रंकेचं बारकं कुलूप काढून दाराला लावलं.

रिक्षावाला तरुण होता. पाणचक्की म्हटल्यावर त्यानं वळून पाहिलं. “क्या चच्चा, पानी देखने को पानी में जा रै क्या?” अण्णा त्याला म्हणाले, “तू चल. पैले पैठण गेट.” आणि मग माझ्याकडं वळून त्यांनी ते सगळं सुरू केलं, जे मी इतकी वर्षं पाहुण्यांच्या तोंडून ऐकत होते. हा दरवाजा, तो दरवाजा. शहराला दरवाजे किती, त्यातले उरले किती. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचे वडील पिशोरहून बैलगाडी घेऊन यायचे. पोलीस ॲक्शन झाली त्या साली गाड्या अर्ध्या वाटेतून परत फिरल्या होत्या. स्वतः ते शाळेत आधी उर्दूचं अलिफ-बे शिकले आणि मग क-ख. कुठं थांबायचं, कुठं पाहुण्यानं हसायचं, सगळं ठरलेलं. मी हसले.

पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत चालत गेलो. आई, तू हा रस्ता किती बरोबर सांगायचीस! गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की त्या बाईला तू समजावायचीस, “सरळ जायचं, भांड्यांची दुकानं लागतात, मग डाव्या हाताला हिमरूवाला.” तसंच आहे. भांडी दोरीला टांगलेली, त्यांवरून पाणी निथळत होतं. दुकानदारांनी फळ्यांवर प्लॅस्टिक ओढलं होतं आणि त्याखाली बांगड्या, रिबिनी, जानवी, राख्या, सगळं एकाच रंगाचं दिसत होतं. डाव्या हाताला हिमरूवाला होता, विणलेल्या शालींचं दुकान. तू हे सगळं न बघता सांगत होतीस, हे त्या बायकांना कधी कळलं असेल का?

दुकानदारानं अण्णांना पाहताच गादीवरची जागा झटकली. “या काका! आज कुठले पाव्हणे?”

“मुलगी हाय माझी.”

“मुलगी पाव्हणी कवापासून झाली?” तो हसला आणि शाली पसरू लागला. मला घ्यायची नव्हती. तो म्हणाला, “घेऊ नका हो ताई, नुसतं बघा. काकांनी आणलेलं माणूस न बघता जात नाही.” चहा आला. अण्णा निवांत बसलेले पाहून त्याला नवल वाटलं. “आज घाई नाही काका? एरवी एक शाल उलगडली की म्हणता, चला, घरी ती खोळंबली. काकू बऱ्या आहेत ना?”

मी अण्णांकडं पाहिलं.

“बरी हाय,” ते म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. छत्री उघडता उघडता तेच म्हणाले, “सकाळच्या पारी गिऱ्हाइकी करायलाय बिचारा. उगं कशाला.” मग बरंच पुढं जाऊन, “आन् त्यानं विचारलं तवा मला ती खरंच बरी वाटली.”

पाणचक्कीला गर्दी नव्हती. सहलीला आलेल्या काही मुली पदर आणि ओढण्या डोक्यावर घेऊन वडाखाली उभ्या होत्या. ते पाणी डोंगरातून जमिनीखालून येतं आणि उंचावरून हौदात पडतं. तू प्रत्येकाला विचारायचीस, आवाज येतो का त्याचा? काल नीट ऐकलं. येतो. पण पावसात तो वेगळा काढता येत नाही. हौद भरून वाहत होता. मासे वर आले होते.

मामा आले होते तेव्हाचं आठवतं? तुला वाटायचं, पाणचक्की म्हणजे अजून दळण दळणारी चक्की. तू गव्हाचा डबा पिशवीत घालून मामांच्या हाती दिलास, “एवढं जाताच आहात तर दळून आणा.” सगळे किती हसलो! तूही हसलीस आणि डबा परत आत ठेवलास. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. या गावात इतकी वर्षं राहून ती चक्की बंद आहे हे तुला ठाऊक नव्हतं, यात हसण्यासारखं काय होतं?

मी जातं बघत उभी होते. अण्णांनी आभाळाकडं पाहिलं, मग घड्याळाकडं, आणि झपाट्यानं फाटकाकडं निघाले.

“चल लवकर. तिनं पानं घेतली असतील. पोळ्या निवतील.”

मी जागची हलले नाही. तेही दोन पावलं जाऊन थांबले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. छत्री त्यांनी खांद्यावर टेकवली होती आणि पाणी बाहीवर पडत होतं. त्यांनी चूक सुधारली नाही. मीही नाही. छत्री सरळ करून ते म्हणाले, “हिमायत बाग राह्यली.”

तिथं मात्र त्यांना काहीच बोलता येईना. दिल्ली दरवाज्याच्या बाजूला ती मोठी जुनी बाग आहे. आंब्याची झाडं, एरवी कोरडे असतील असे वाटणारे पण पावसानं भरलेले दगडी हौद, एका कडेला रोपं विकायला मांडलेली. मी विचारलं, हे कुणी लावलं? त्यांना माहीत नव्हतं. मी विचारलं, हा रस्ता कुठं निघतो? तेही नाही.

“इथं मी कुणाला आणलं नाय कधी,” ते म्हणाले.

“का?”

“इथवर यायचं म्हणलं की जेवायची वेळ व्हायची. पाणचक्की झाली की माघारी.”

“आणि तुम्ही एकटे?”

“एकटा काय करू येऊन?”

बाकावर पाणी होतं. आम्ही एका आंब्याखाली उभे राहिलो. तिथंही गळत होतंच.

“तिला एकदा म्हणलो होतो,” अण्णा म्हणाले. “घर बांधलं त्या साली. म्हणलं, चल तू बी. ती म्हणली, मग सैपाक कोण करंल? मी म्हणलं, व्हय, ते बी खरंय.” त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. “परत नाय विचारलं. बरं पडत होतं ना मला.”

मी पुन्हा माझंच काढलं. “अण्णा, चला माझ्याबरोबर.”

“तिथं मला सकाळी चहा कोण देईल?”

“मी.”

“जेवण?”

“मीच की.”

“आन् तू शाळेत शिकवायला जाशील तवा?”

“झाकून जाईन. सगळं करून ठेवेन.”

“बघ,” ते म्हणाले. “तू बी करून ठेवशील.”

त्यांनी बाहीवरचं पाणी झटकलं. मग सावकाश म्हणाले, “मी लोकांना पाव्हणे म्हणून फिरवलं, सुमे. घरात मीच पाव्हणा होतो. दोन्ही येळंला ताट आयतं. आता मला माझ्या घरी माझ्या हातानं करून खायचंय. जळलं तर जळलं.”

“आणि गॅस?”

“वास नाय येत मला,” त्यांनी एकदम कबूल केलं. “नाक गेलंय. लई दिवस झाले. तुझी आई होती तोवर कळलंच नाय. त्याला काय करायचं ते तू सांग, मी ऐकतो. पण घर सोड म्हणू नको.”

तुला हे ठाऊक होतं का गं? तूच त्यांच्या वाटचा वास घेत होतीस, आणि बोलली नाहीस?

परतताना औरंगपुऱ्यात उतरलो आणि विजेची शेगडी घेतली. अण्णांनी दुकानदाराला तीनदा विचारलं, ही विझली तर वास येतो का? तो म्हणाला, “बाबा, ही विझत नाही, बंद होते.” घरी आल्यावर मी सिलिंडर शालिनीकाकूंकडं नेऊन ठेवला. त्या म्हणाल्या, “म्हणजे तू चाललीस, आणि राखण आमच्याकडं?” मी सिलिंडर कोपऱ्यात सरकवला. मग त्याच म्हणाल्या, “बरं, सकाळी एकदा हाक मारीन मी. पण माझ्या भरवशावर राहू नकोस.” मी राहणार नाही. रोज संध्याकाळी फोन करणार आहे.

अण्णांनी खिचडी टाकली. मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. पाणी किती, विचारलं, मीठ किती, विचारलं. ती अर्धी शिजली आणि पावसानं वीज गेली. आम्ही दोघं पातेल्याकडं बघत बसलो. भूक सपाटून लागली होती. बऱ्याच वेळानं वीज आली आणि पातेलं पुन्हा रटरटू लागलं.

“एवढा वेळ लागतो व्हय याला?” त्यांनी विचारलं.

“लागतो.”

“रोज?”

मी मान हलवली. ते उठले, झाकण काढून पाहिलं आणि परत ठेवलं.

माझी बस दुपारची आहे. मघाशी अण्णांनी विचारलं, स्टँडवर येऊ का पोचवायला? मी म्हटलं, नको, पाऊस आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, चला.

आई, तुझं ‘नको’ आम्ही सगळ्यांनी लगेच मानलं, कारण ते आमच्या सोयीचं होतं. अण्णांचं मला सोयीचं नाही. रंग दिलेली खोली रिकामी राहील. फोन वाजला की माझा जीव खाली-वर होईल. मी चूक करत असेन, असंही मला वाटतं. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक विचारतील, पोटची मुलगी असून म्हाताऱ्याला एकटं कसं ठेवलं? तुझे जावईही विचारतील. तेव्हा मी असं म्हणणार नाही की अण्णा हट्टी होते, कुणाचं ऐकत नव्हते. मी म्हणेन, त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि ठेवून आले ती मी. एवढं वचन तुला देते. हे मी पाळेन.

तुझी,
सुमन