बाबांचा बॉयलर

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

लिंबाच्या झाडाजवळचं वळण तिसऱ्यांदा उखडत होतो. आई दात घासत मागच्या दारात आली. "परवाच बसवलंस ना रे ते!" परवा बसवलं, खरं आहे. पण आतला रूळ बाहेरच्यापेक्षा कागदाच्या घडीएवढा वर राहिला होता. रिकामा डबा तिथे कलतो. आईला दिसत नाही. मला दिसतं, आणि एकदा दिसलं की दिवसभर तेच दिसत राहतं.

बाकी रूळ पूर्ण आहेत. पाण्याच्या टाकीपासून निघून, कपड्यांच्या दोरीखालून, लिंबाला वळसा घालून, टोमॅटोच्या वाफ्यामागून परत टाकीपाशी. इंजिन माझ्या गुडघ्याला लागेल एवढं. खेळणं नव्हे – कोळसा, पाणी, खरी वाफ. मागे एक डबा, त्यावर एक मोठा माणूस पाय पसरून बसू शकतो. चाकं, सिलिंडर, दट्टे सगळं मी केलं, कारखान्यातल्या लेथवर, सुट्टी झाल्यावर. फक्त बॉयलर बाबांचा.

तांबं झाळायला मी धजलो नाही. बाबांनी सगळी नोकरी धुलाईच्या कारखान्यात बॉयलरपाशी काढली. मागच्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला, आणि वरच्या साहेबांनी गोड बोलून घरी बसवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवायला या म्हटलं तरच बोलायचे. मी नकाशा दाखवून म्हणालो, बाबा, हा बॉयलर तुम्ही कराल का? तेव्हापासून पुन्हा माणसात आले.

ते म्हणतात, हातात झाळायची टॉर्च धरली की थरथर थांबते. मी शेजारी उभा होतो. थांबत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबांनी धुलाईच्या कारखान्यातल्या भट्टीवरच्या दोन जुन्या मित्रांना बोलावून टाकलं! दोन मार्च, रविवार, सकाळी. मला न विचारता.

"अजून चाचणी व्हायची आहे," मी म्हणालो.

"मग कर की, इन्स्पेक्टरसाहेब. तारीख दिल्याशिवाय तुझं काम संपणार आहे का? तू जन्मभर वळणं उखडत बसशील."

लहानपणी मी कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचो. तेव्हापासून इन्स्पेक्टर.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चाचणी केली. जमेल तेवढं नीट लिहितो.

बॉयलरमध्ये गच्च पाणी भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. सगळी भोकं बुचांनी बंद. मग हातपंपाने त्याच्याच पत्र्याच्या डब्यातलं पाणी आत रेटत दाब वाढवायचा, वाफेचा जेवढा असणार त्याच्या दुप्पट. आपली वाफ ऐंशी पौंड, म्हणजे चाचणी एकशे साठला. पाण्यानेच करायची, कारण फाटलंच तर पाणी नुसतं ओघळतं. वाफ ओघळत नाही. वाफ घर उडवते.

एकशे साठला आणलं. पंप सोडला. दाबमापकाचा काटा उतरायला लागला.

दहा मिनिटांत एकशे तीस. कोरड्या फडक्याने बॉयलर सगळीकडून पुसला. खाली वर्तमानपत्र घातलं. कुठेही थेंब नाही! पुन्हा दाब दिला, पुन्हा उतरला. म्हणजे गळती इतकी बारीक की बाहेर आल्या आल्या सुकते. पुढच्या प्लेटवर, जिथे नळ्या झाळल्या आहेत तिथे, बाबांचा हात दोनदा सटकला होता. मी तेव्हा बोललो नव्हतो.

बाबा टोमॅटोच्या वाफ्यातून ओरडले, "काय म्हणतोय?"

"भरतोय अजून."

रविवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा केली. काटा पुन्हा उतरला. बाबा बाजारातून आले, पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं.

"झाली?"

"झाली."

"किती वेळ धरला?"

"अर्धा तास."

"आणि काटा?"

"हलला नाही."

बाबांनी पिशवीतला सगळ्यात मोठा पेरू काढून माझ्या हातात दिला. आईला म्हणाले, "ऐकलंस का गं? इन्स्पेक्टरने पास केला!" आई म्हणाली, "मग आता तरी माझी पत्र्याची बादली परत द्या."

पेरू खाल्ला. चव कळली नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन मार्चला त्या डब्यावर कोण बसणार? मी. बॉयलरच्या मागे हातभर अंतरावर. आई दोरीपाशी. बाबांचे मित्र खुर्च्यांवर.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लेथवर एक बुशिंग, दांड्यावर बसणारं पितळी कडं, वाया घालवलं. कारखान्यातले मिस्त्री माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. "काय रे, लग्न ठरलंय की मोडलंय?"

सगळं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, वडिलांना सांग आणि सांधा पुन्हा झाळ. सरळ आहे.

सरळ आहे! बाबांना काय सांगू – तुमच्या हाताला मीही घरी बसवतो?

मिस्त्री थोडा वेळ कान खाजवत राहिले. मग म्हणाले, पुलापलीकडे एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनाही असला नाद होता. याच नकाशावरचा तयार बॉयलर त्यांच्याकडे पडून आहे. घेतोस का बघ.

मी म्हणालो, छे, असं कसं करणार. पत्ता मात्र लिहून घेतला.

रविवार, १६ फेब्रुवारी

डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, पण त्यांनी मागच्या खोलीत नेलं. इंजिन अर्धवट, त्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे. बॉयलर मात्र कागदात गुंडाळलेला, दागिन्यासारखा. सांधे बघून मला रडूच यायला लागलं. एकसारखे, गुळगुळीत, जणू ओतलेले. चाचणी त्यांनी माझ्यासमोर करून दाखवली, त्यांच्या पंपाने. काटा खिळल्यासारखा.

"बायको म्हणाली, इंजिन किंवा मी," डॉक्टर म्हणाले. "अजून विचार करतोय. पण बॉयलर न्या तुम्ही."

अठरा हजार. माझ्याकडे अकरा. उरलेले मालकांकडून उचल.

निघताना म्हणाले, "एवढे दात का आवळताय? झिजतील. येऊन दाखवा एकदा."

बुधवार, १९ फेब्रुवारी

बॉयलर कारखान्यात, माझ्या कपाटात. दुपारी दोनदा उघडून बघितला. मिस्त्री म्हणाले, "अंडी घालणार आहे का तो?"

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाबा दोन दिवसांसाठी आत्याकडे गेले. आईही बरोबर. घरात मी एकटा.

सकाळी आठला सुरुवात केली. वरचा पत्रा काढला, पत्र्याखालचा धग अडवणारा लोकरी नमदा काढला, पितळी पट्ट्या क्रमाने मांडून ठेवल्या. बाबांचा बॉयलर उतरवला. उतरवताना तो माझ्या छातीशी आला, लहान मूल उचलावं तसा. जड होता. खालच्या अंगाला बाबांनी खिळ्याने छोटीशी खूण केली आहे, त्यांच्या कारखान्यातल्या बॉयलरवर असायची तशी. ती मला आजवर दिसली नव्हती.

थांबलो. चहा केला. प्यायला विसरलो.

मग डॉक्टरांचा चढवला. बसला, केसाचाही फरक नाही. नमदा, पत्रा, पट्ट्या, हिरवा रंग पुन्हा एक हात. बाहेरून ओळखू येत नाही. बाबांचा पोत्यात बांधून शेडमध्ये, रिकाम्या कुंड्यांमागे.

आता सुरक्षित आहे. 'सुरक्षित' मधला 'क्षि' ऱ्हस्व की दीर्घ, शाळा नववीत सुटली तरी हे मला पक्कं येतं. तरीही आज तो शब्द लिहिताना दोनदा थांबलो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आले. बाबांनी पिशवीही खाली ठेवली नाही, थेट शेडमध्ये. इंजिनावर तळहात ठेवून उभे राहिले. मग एका टोकाला धरून जरासं उचललं आणि खाली ठेवलं.

"पट्ट्या कोणी आवळल्या?"

"मी."

"छान आवळल्यास."

एवढंच. आत्याच्या गुडघ्यांबद्दल सांगत राहिले. मी मान डोलावत होतो, ऐकत नव्हतो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आई विचारते, "तुझा तो बारका पाना कुठे असतो?"

"कशाला?"

"शिलाई मशीन अडलंय."

दिला. संध्याकाळी मशीनला तेल घालायला गेलो तर मशीन छान चालत होतं. आई म्हणाली, "झालं नीट. तुझ्याशिवायही होतं बरं का काही काही."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बाबा आज फार बोलत होते. जेवताना मित्रांची नक्कल केली. एक मित्र जाडा आहे, तो डब्यावर बसला तर इंजिन पुढे जायच्या ऐवजी डबाच जमिनीत जाईल म्हणाले. आई हसून हसून ठसकली.

एवढे खूश मी त्यांना नोकरीत असतानाही पाहिले नव्हते. आणि ते खोट्यावर खूश आहेत.

सांगून टाकावं का? रविवारनंतर. रविवार जाऊ दे.

रविवार, २ मार्च

सकाळी सातलाच मित्र आले, बोलावलं होतं नऊला! जाड्या मित्राने आल्या आल्या विचारलं, "तिकीट खिडकी कुठाय?" दुसरा बारीक, कमी बोलणारा. तो रुळांच्या बाजूने वाकून वाकून चालत गेला, लिंबाजवळ थांबला आणि म्हणाला, "वळण सुरेख आहे." मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

आईने दोरीवरचे कपडे आत नेले. "धूर माझ्या चादरींवर नको. मग सोडा काय सोडायचं ते."

बाबांनी स्वतः विस्तव केला. हात थरथरत होता, कोळसे इकडेतिकडे सांडले. काटा चढायला लागला. वीस. चाळीस. मी एकटक बघत होतो, पण निर्धास्त होतो. डॉक्टरांचे सांधे डोळ्यांसमोर होते. साठ. ऐंशी – आणि जादा वाफ सोडणारी झडप उघडून अशी शिट्टीसारखी फुसफुसली की जाडा मित्र खुर्चीसकट मागे सरकला!

"बस," बाबा म्हणाले.

बसलो. बॉयलर हातभर अंतरावर. ऊन पडावं तशी त्याची धग गुडघ्यांवर.

बाबा वाकले. "भीती नाही ना वाटत?"

"अजिबात नाही."

"खरं?"

"खरंच नाही, बाबा."

त्यांनी आईकडे बघितलं. आईने पदर सारखा केला.

हँडल ओढलं. गाडी हलली! एक धक्का, दुसरा, मग चाकांनी ताल धरला. टाकी, दोरी, लिंबू. वळणावर डबा कललाच नाही. टोमॅटोच्या मागून वाफ बाहेर आली तेव्हा बाबा टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवताना त्यांचा हात थरथरतो की नाही ते कळतच नव्हतं.

सात फेऱ्या. मग बारीक मित्र बसला, मग आई (!). जाड्याला कोणी बसू दिलं नाही. तो म्हणाला, "मी स्टेशनमास्तर."

मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पुन्हा तपासून न बघता तिच्यावर बसलो. एवढा निवांत कधी नव्हतो.

सोमवार, ३ मार्च

राहवलं नाही. बाबा अंघोळीला गेल्यावर आईला सगळं सांगितलं – काटा, खोटं, डॉक्टर, कुंड्यांमागचं पोतं. म्हणालो, काल धावला तो बाबांचा बॉयलर नव्हता.

आई भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"दातवाल्याचा ना? तो माझ्या पलंगाखाली आहे. गुरुवारपासून. रोज उठताना अंगठा आपटतो."

मी आत जाऊन पलंगाखाली वाकून बघितलं, तो तिथेच होता.

सोमवारी इंजिन उचलताच ह्यांना वजन वेगळं लागलं, म्हणाली. मंगळवारी पोतं सापडलं. त्यांनी बॉयलर पुन्हा पाणी भरून तपासला. काटा उतरला. मग ते पंपाच्या डब्यात बघत बसले, आणि डब्यातलं पाणी वाढत होतं! माझ्या पंपातली गोळी, पाणी परत येऊ न देणारी, झिजली होती. पाणी बॉयलरमधून कुठेच जात नव्हतं, पंपातूनच उलटं डब्यात येत होतं. मी बॉयलर फडक्याने पुसत राहिलो. डब्यात एकदाही डोकावलो नाही.

"नवी गोळी घातली. मग तासभर काटा हलला नाही, मी समोर बसून पाहिलं. मग दोन दिवस दोघांनी मिळून ह्यांचाच पुन्हा चढवला. ते पाना फिरवायचे, मी धरायची."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू सांगितलंस?"

भाजीचं पान खुडत म्हणाली, "ते म्हणाले, त्याला एकदा निवांत बसू दे. कळलं तर डब्यावर बसल्या बसल्या मागे मागे सरकेल."

न्हाणीघरात बाबा गुणगुणत होते.

खर्च: तयार बॉयलर, अठरा हजार. पंपातली गोळी, पाच रुपये.
देणं: मालकांचे सात हजार. बाबांचे पाच रुपये.