कमलाबाईचे ‘ते’

सौंसर, मंगळवार, संध्याकाळ

रामाकोन्याच्या रस्त्यावर आज पहिल्यांदा न थांबता नाल्यापर्यंत धावली. खुश व्हायला पाहिजे, पण उद्या तिकडून जायची हिंमत नाही.

महिन्याभरापासून सकाळी धावून राहिली मी. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं, मग एक खांब चालायचं, असाच दम वाढवला. काल संत्र्याच्या बगीच्याजवळ कमलाबाईनं अडवलं. राखणीला असते ती तिथं.

"मॅडम, इकडून धावू नका. ते बसून राह्यते आतमंदी. जायचंच असंल तर हळू चालत जा."

मला वाटलं, नवऱ्याबद्दल बोलते. त्याचं नाव ती कधी घेत नाही, ‘ते’च म्हणते. बाई धावताना दिसली की याच्या पोटात काऊन दुखते? राग आला. म्हणून आज मुद्दाम तिथूनच धावली, नाल्यापर्यंत जाणाऱ्या बगीच्याच्या कुंपणाला लागून, जोरात. आतमध्ये पानं वाजत होती. वारा असेल म्हटलं.

आता चहा पिताना हे हसत हसत सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तिचा नवरा तर दिवाळीपासून नागपूरला आहे. अवं, वाघाचंही नाव घेत नाही आपल्याकडं."

तेव्हापासून ती पानंच ऐकू येऊन राहिली. वारा होता का आज? खांबावरच्या तारा तर हलत नव्हत्या. आणि नाल्याजवळ मी दम खायला थांबली, तेव्हा पानंही थांबली होती.