सेतारेकींच्या घरची चूल

१२ जून

‘मयताच्या घरी उपाशी जा.’ माझ्या दीक्षेच्या आदल्या दिवशी थोरले पाळक सेतारेकी म्हणाले होते. मी घाबरून वचनं पाठ करत बसलेले, आणि हे म्हणे उपाशी जा! ‘ते वाढतील, तू जेव. त्यांच्या हातांना काम मिळू दे. बाकीचं देव बघेल.’

पाळक झाल्यापासून तेच करत आले. आज त्यांच्याच घरी उपाशी गेले. त्यांच्या बायकोला, उनाइसीवहिनींना, माती देऊन महिना होत आला. चूल थंड. तशीच बोटीने परत आले.

१३ जून

काल नीट लिहवलं नाही.

सेतारेकी भिंतीकडे तोंड करून चटईवर बसले होते. माझ्याआधी दोघे पाळक येऊन गेले — एकाने लांबलचक प्रार्थना केली, एकाने ईयोबाची गोष्ट सांगितली. सेतारेकी एवढंच म्हणाले, ‘झालं? जाताना दार ओढून घ्या.’ चर्चच्या पंचांना त्यांनी सांगून टाकलंय — यापुढे कुणासाठी प्रार्थना करणार नाही, दुसरा पाळक बघा.

त्यांचं गाव आणि माझं गाव एकमेकांचे ‘तावू’, म्हणजे नात्यातले. एकाच पूर्वजाची लेकरं, म्हणून एकमेकांची वाट्टेल तशी टर उडवायचा हक्क, मयताच्या घरीसुद्धा! त्यांनी मला नावाने कधी हाकच मारली नाही. ‘आली बघा खेकडेखाऊ!’ काल मी दारातूनच ओरडले, ‘अहो डुकरांच्या गावचे! पाहुणीला पाणी तरी?’

ते नुसते बघत राहिले. रडले असते तर इतकी भीती वाटली नसती.

१५ जून

घरी अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बाबांना आज दोन घास जास्त गेले. कूस बदलताना कण्हलेही नाहीत.

१७ जून

वारा फार. भिजून सेतारेकींकडे पोचले. बायबल पिशवीतून काढलंच नाही. त्यांच्या शेजारी बसले, भिंतीकडे तोंड करून.

दुपारी शेजारची केलेरा आजी डोकावली. ‘प्रार्थना झाली का गं?’

‘नाही.’

‘मग इतका वेळ केलंत काय?’

‘बसलो.’

‘बसायला समुद्र ओलांडून यायचं? तुमच्या गावात जमीन नाही?’

सेतारेकींचे खांदे हलले. हसले की हुंदका आला, कळलं नाही.

२१ जून

आज न विचारता सेतारेकींची चूल पेटवली. कसाव्याचे कंद उकडले, पाल्याची भाजी नारळाच्या दुधात शिजवली. दोघांची ताटं मांडली. किती वेळ ताटाकडे बघत होते. मग एक घास.

‘तुमच्या गावात मीठ फुकट वाटतात का गं, खेकडेखाऊ?’

मी स्वयंपाकघरामागे जाऊन रडून घेतलं. परत येऊन म्हटलं, ‘डुकरांना कधीपासून चव कळायला लागली!’

मग ते आपणहून बोलायला लागले, ताटात बघत. ‘उनाइसी गेली तेव्हा मी पलीकडच्या गावात होतो. दुसऱ्याच्या मयताला. उपाशी गेलो होतो — तुला सांगितलं होतं ना, तसाच. पोटभर जेवलो. तिथे मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो, आणि इथे ही...’

मी त्यांचा हात धरला. भाजी गार झाली.

निघताना म्हणाले, ‘आता कुणाच्याही मयताला जाणार नाही. तूसुद्धा बोलावू नकोस.’

पण माझं ताट त्यांनीच धुतलं.

२४ जून

बाबा काहीच घेत नाहीत. नारळपाण्याने ओठ ओले करते.

२६ जून

पहाटे बाबा गेले.

अंगणात बायका मयताच्या घरी द्यायच्या चटया घेऊन जमल्यात. सगळे विचारतात, माती कोण देणार? तूच का? मला नाही जमायचं. आज मी पाळक नाही, लेक आहे. बसवत नाही, म्हणून कसावा चढवलाय. भाजीत मीठ मुद्दाम जास्त टाकलंय.

सेतारेकींच्या गावाकडे होडी निघतेय. ते येणार नाहीत, माहीत आहे — बजावून सांगितलं होतं. तरी नावाड्याकडून निरोप घोकून घेतलाय:

‘प्रार्थना नको, प्रवचन नको. खेकडेखाऊच्या घरी उपाशी या.’